आठशे वॅट आणि उतू गेलेलं दूध

आमच्या घरात मायक्रोवेव्ह ओव्हन यायला जो उशीर झाला, त्याला पैसा कारण नव्हता, जागा नव्हती, आणि ‘आपल्याला कशाला हवीत असली थेरं’ हेही नव्हतं. कारण मी होतो. अशा यंत्रांना घरातून विरोध होतो तो विज्ञान न कळणाऱ्या माणसाकडून, असं सगळे धरून चालतात. आमच्याकडे उलटं होतं. माझी उभी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, त्यातही बराचसा काळ मायक्रोवेव्ह लिंकवर. ज्या लहरींशी दिवसभर झटायचं, त्यांचीच पेटी ओट्यावर मांडून तीत वरणभात गरम करायचा, ही कल्पनाच मला सोसत नव्हती.

लिंकवरचं काम कसं असायचं ते थोडं सांगतो, कारण माझ्या भीतीचं मूळ तिथे आहे. फायबरची केबल सगळीकडे पोचायच्या आधी दोन शहरांमधले ट्रंक कॉल उंच टॉवरवरून या लहरींवर बसून जात. एका टॉवरपासून पुढचा टॉवर चाळीस-पन्नास किलोमीटरवर. मध्ये टेकडी आडवी येता कामा नये. यंत्रापासून वर अँटेनापर्यंत लहरी न्यायच्या त्या धातूच्या पोकळ नळीतून, तिला वेव्हगाइड म्हणतात. नवा माणूस रुजू झाला की जुनी मंडळी पहिली ताकीद द्यायची ती हीच: चालू लिंकचा वेव्हगाइड उघडा असला तर त्यात डोकावायचं नाही. डोळ्याच्या भिंगाला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिथे साठलेली उष्णता वाहून न्यायला काही नाही, आणि मात्रा मोठी असेल तर मोतीबिंदू धरू शकतो. ही ताकीद माझ्या हाडीमाशी खिळली होती. आणि ती कितीच्या ताकदीपायी? आमच्या यंत्रांची शक्ती असायची दहा-वीस वॅटच्या आतबाहेर.

मग दुकानात मांडलेल्या त्या पेटीवर जेव्हा आठशे वॅट असं वाचलं, तेव्हा माझा हिशेब दोन सेकंदांत झाला. दहा वॅटमध्ये आवाज पन्नास किलोमीटर जातो, तर आठशे वॅट हातभर अंतरावरच्या माणसाचं काय करतील? बायकोला म्हटलं, ‘‘ही वस्तू आपल्या घरात येणार नाही.’’ तिनं तेव्हा काही वाद घातला नाही. खात्यातला माणूस बोलतोय म्हटल्यावर घालणार तरी काय?

हैदराबादच्या मलकपेठेत आमच्या गल्लीत तेव्हा माझ्या शब्दाला वजन होतं. मुसारामबागेचा टीव्ही टॉवर दाखवून कुणी विचारलं, ‘‘याच्या किरणांनी काही होतं का हो?’’ तर उत्तर माझ्याकडे मागितलं जाई. मायक्रोवेव्हचा विषय निघाला की नाना कहाण्या ऐकू यायच्या. रशियानं म्हणे त्यावर बंदी घातली होती. त्यातलं अन्न म्हणे ‘मरतं’. ओव्हन बंद झाला तरी किरण म्हणे अन्नात राहतात आणि पोटात गेल्यावर बाहेर पडतात. यातली शेवटची गोष्ट सपशेल खोटी आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. दिव्याचं बटन बंद केल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तशा या लहरीही मागे राहत नाहीत. रशियाची गोष्टही कानावरचीच होती. सोव्हिएत काळातच तिथल्या कारखान्यांत असे ओव्हन तयार होत होते. पण मी कुणाचं खंडन केलं नाही. गप्प बसलो, कारण त्या कहाण्या माझ्याच बाजूच्या होत्या. आपला पक्ष बळकट होत असेल तर माणूस खोट्याला किती सहज हातभार लावतो, हे त्या काळातल्या माझ्याकडे पाहून कळतं. आज हे लिहिताना मला सगळ्यात अवघड वाटतंय ते एवढंच वाक्य.

मत बदललं ते काही वाचून नाही. आईमुळे बदललं.

आई लग्न होऊन नांदेडहून हैदराबादेत आली ती कायमची. काचीगुड्याला उतरून चादरघाटच्या पुलावरून इकडे आल्याचं ती अजून सांगते. ऐंशी ओलांडल्यावर तिला विसर पडू लागला. मोठा नाही; नावं आठवतात, हिशेब आठवतात, मधलं काम तेवढं निसटतं. दूध गॅसवर ठेवायचं आणि गॅलरीत मोगऱ्याला पाणी घालायला जायचं. दूध उतू जायचं, बर्नरवर पडायचं, ज्योत विझायची, आणि बटन तसंच उघडं. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो; गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. ती सोय नाक शाबूत असलेल्यांसाठी. वयाबरोबर आईचं नाक मंदावलं होतं. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड, वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरून बसतो, आणि ओट्याखालीच आमच्या फ्रिजचा प्लग होता. त्यात आई नेसते नऊवारी, पदर कधी खोचलेला, कधी नाही.

तिला ‘गॅसजवळ जाऊ नकोस’ म्हणणं सोपं होतं. म्हणूनही पाहिलं. तिचं उत्तर तयार: ‘‘मग दुपारी मला घोटभर चहा कोण देणार? तू पेपर घेऊन घोरत असतोस.’’ त्या वयात स्वतःच्या हातानं चहा करून पिणं ही साधी गोष्ट उरत नाही. ते हिसकावून घेतलं की माणूस खुर्चीला खिळतं.

एका दुपारी ज्योत विझलेली आणि बटन उघडं असं बायकोच्या लक्षात आलं. तिनं खिडक्या उघडल्या, रेग्युलेटर बंद केला, आणि मग शांतपणे मला म्हणाली, ‘‘अहो, तुम्हाला तुमच्या लिंकची भीती. मला या गॅसची. दोन्हींतली कोणती रोज आपल्या घरात आहे?’’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरात उघडा विस्तव, पन्नास-साठ वर्षं ज्याच्याशी घसट म्हणून त्याचं भय वाटेनासं झालेलं. आणि जी पेटी दार उघडताक्षणी बंद पडते, वेळ संपली की आपोआप थांबते, तिच्याविरुद्ध मी अडून बसलेला. विसराळू माणसाच्या बाजूनं पाहिलं तर सगळा मामला त्या एका बटनाचा होता: गॅस आठवणीनं बंद करावा लागतो, ओव्हन आठवणीनं चालू करावा लागतो.

त्या रात्री मी पहिल्यांदा ओव्हनकडे लिंकच्या माणसाच्या नजरेनं नीट पाहिलं. आधीच पाहायला हवं होतं, कारण लागणारी सगळी माहिती माझ्याजवळ होती. आमचे दहा वॅट पन्नास किलोमीटर जायचे ते त्यांना तसं जायला लावलं होतं म्हणून. अँटेनानं त्यांची बारीक शलाका करून आकाशात मोकळं सोडलेलं असायचं. ओव्हनमध्ये आठशे वॅट धातूच्या बंद पेटीत अडकवलेले असतात आणि समोरच्या अन्नातल्या पाण्यात जिरतात. राहिला दाराच्या काचेचा प्रश्न, जिच्यामागे बारीक छिद्रांची जाळी असते. त्या जाळीतून किरण येणार नाहीत कशावरून, असं लोक विचारतात. हे मी तरी विचारायला नको होतं. जाळीचे डिश अँटेना मी स्वतः टॉवरवर चढवले आहेत. वारा आरपार जावा म्हणून ते जाळीचे करतात, पण लहरींच्या लेखी ती अखंड भिंत असते, कारण भोक लहरीच्या लांबीपेक्षा फार लहान असतं. ओव्हनची वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ, म्हणजे लहरीची लांबी साधारण १२ सेंटिमीटर. जाळीचं भोक एक-दोन मिलिमीटर. उजेडाची लहर अतिसूक्ष्म, म्हणून आतली वाटी फिरताना दिसते. १२ सेंटिमीटरची लहर मात्र त्या भोकातून बाहेर येत नाही.

अगदीच काही येत नाही असं नाही. दाराच्या कडेनं किंचित झिरपतं, आणि किती झिरपू द्यायचं याला मर्यादा आहे. अमेरिकेत १९७१ पासून नियम आहे की ओव्हनच्या उभ्या आयुष्यात पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटपेक्षा जास्त गळती नको; नवा विकताना तर १ मिलिवॅटच्या आत. आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादाही ५ मिलिवॅटचीच आहे. शिवाय अंतर वाढलं की ही गळती झपाट्यानं घटते. ५ सेंटिमीटरवर जेवढी, त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढीच ५० सेंटिमीटरवर उरते. आणि ‘किरण’ हा शब्द ऐकून जी धास्ती वाटते ती एक्स-रेच्या जातीच्या किरणांची, जे रेणू तोडतात. मायक्रोवेव्हच्या एका कणाची ऊर्जा त्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा लाखो पटींनी तोकडी पडते. ती फक्त तापवू शकते. वेव्हगाइडची ताकीदही मुळात तापण्याचीच होती, हे मी इतकी वर्षं जाणत होतो आणि तरी विसरलो होतो.

ओव्हन आला त्या आठवड्यात माझा धीर पुन्हा एकदा खचला. मुलगा परदेशात असतो. त्याच्याशी व्हिडिओवर बोलत होतो आणि बायकोनं ओव्हन लावला. चित्र थिजलं. ओव्हन थांबला, चित्र सुरू. पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा थिजलं. म्हटलं, हा बघा पुरावा. मग आठवलं की घरातलं वायफायही २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात चालतं. राउटरकडून येणारा संदेश इतका क्षीण असतो की ओव्हनमधून झिरपलेला कायदेशीर थेंबसुद्धा त्याला बुडवतो. माणसाला त्याचं काही होत नाही. राउटर दुसऱ्या खोलीत नेला, तो ५ गिगाहर्ट्झवर लावला, वाद मिटला. याच कारणानं ती मोबाइलची परीक्षाही फसवी आहे. फोन आत ठेवायचा, बाहेरून रिंग द्यायची, वाजला तर ओव्हन गळका, असं भाच्यानं करून दाखवलं. फोन वाजला आणि त्यानं माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. अरे, मोबाइलचा कान इतका तीक्ष्ण असतो की वॅटच्या अब्जांशाहूनही कमी संदेश त्याला पुरतो. त्याच्या वाजण्यानं ओव्हनचा निकाल लागत नाही. निकाल लागतो तो दारावरून: बिजागरी सैल झाली आहे का, कडेला गंज चढलाय का, दार वाकलंय का, कडेवर खरकट्याचा थर बसून ते नीट बसत नाही का.

या यंत्राचा जन्मही आमच्याच खात्याच्या चुलत घराण्यातला. १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी रडारसाठी मॅग्नेट्रॉनचा, म्हणजे या लहरी निर्माण करणाऱ्या नळीचा, नवा प्रकार घडवला. पुढे १९४५ च्या सुमारास रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर मॅग्नेट्रॉनजवळ उभे असताना त्यांच्या खिशातला खाऊ वितळला आणि त्यांना भलतीच कल्पना सुचली. १९४७ ला आलेला पहिला ओव्हन माणसाएवढा उंच आणि ३४० किलोचा होता. ओट्यावर मावेल असा लोकप्रिय घरगुती ओव्हन यायला १९६७ उजाडलं. एक गैरसमज मात्र शिकलेल्या लोकांतही आढळतो, की २.४५ ही पाण्याच्या रेणूची ‘खास’ वारंवारता आहे. तसं नाही. पाणी याहून बऱ्याच वरच्या वारंवारतेला जास्त शोषतं. तसं केलं असतं तर सगळी उष्णता वरच्या पापुद्र्यातच संपली असती. २.४५ वर ती दोन-तीन सेंटिमीटर आत शिरते, आणि हा पट्टा अशा कामांसाठी मोकळा ठेवलेला होता.

हे दोन-तीन सेंटिमीटर लक्षात ठेवा. माझी भीती गेली आणि तिच्या जागी जी सावधगिरी आली, ती इथून सुरू होते.

कारण खरा धोका किरणांत नव्हता हे पटल्यावर मी लगेच ‘काही धोका नाही’ या टोकाला गेलो नाही; ओट्यावर उभा राहून पाहू लागलो. पहिली अडचण आमच्या फडताळाची. मराठी घरात काय नसतं? पातेली स्टीलची, वाट्या स्टीलच्या, डबे, तांब्या, ताटल्या, सगळं स्टील. धातूत लहरी शिरत नाहीत, अन्न तापत नाही, आणि कडा किंवा टोक असेल तिथे ठिणग्या उडतात. एका ईदला शेजारच्या आपांनी शीरखुर्मा पाठवला, चिनी मातीच्या देखण्या कटोऱ्यात. बायकोनं तो तसाच आत ठेवला. पाच-सात सेकंदांत कटोऱ्याच्या कडेवर निळसर चटचट, आणि जिथे सोनेरी रेघ होती तिथे काळपट डाग. अशी रेघ बहुधा खऱ्या धातूची असते. कटोरा परत करायला मी गेलो तर आपा हसून म्हणाल्या, ‘‘अरे भाईसाब, बोलना भूल गई मैं. किनारी वाले बर्तन उसमें नक्को रखो. मेरे तो आधे सेट की किनारी ऐसीच गई.’’ ज्याच्या धाकापोटी मी इतकी वर्षं अडलो त्या मायक्रोवेव्हबद्दल आपांना माझ्यापेक्षा कामाचं जास्त माहीत होतं.

दुसरं प्लॅस्टिक. आइस्क्रीमचे, श्रीखंडाचे रिकामे डबे टाकून द्यायचे नाहीत हा आपला कुळाचार. हॉटेलातून बिर्याणी येते तो काळा डबाही घासून ठेवायचा. हे डबे तापवण्यासाठी केलेले नसतात. तेलकट, तुपकट पदार्थ शंभर अंशांच्या वर जातो आणि पातळ डबा मऊ पडतो, त्यातलं काहीबाही अन्नात उतरतं. मेलामाइनच्या ताटल्याही नकोत. त्या चिनी मातीसारख्या दिसतात, पण या कामाच्या नव्हेत. आमच्याकडे आता काचेचे दोन जाड वाडगे आहेत, तेवढेच आत जातात. इथेच तार्नाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे, १९५८ साली ती कुन्नूरहून हैदराबादेत आली. तिच्या २०११ च्या आहार मार्गदर्शिकेत मायक्रोवेव्हला पोषण टिकवणारं सोयीचं साधन म्हटलंय, आणि त्याच दमात तो अन्न सगळीकडे सारखं तापवत नाही, म्हणून मोठी रास एकदम तापवू नका आणि प्लॅस्टिक टाळा असंही बजावलंय. घरापासून एवढ्या जवळच्या संस्थेचं हे म्हणणं मी आधी कधी उघडून पाहिलं नव्हतं. रशियाच्या कहाण्या तेवढ्या ऐकत होतो.

तिसरं पाणी. हे सगळ्यांत फसवं, कारण दिसत नाही. गॅसवर पाणी बुडबुडे सोडून ‘मी उकळतोय’ म्हणून सांगतं. गुळगुळीत नव्या काचेच्या पेल्यात, मायक्रोवेव्हमध्ये, ते कधी कधी शंभर अंशांच्या वर जाऊनही ढिम्म राहतं. बुडबुडा सुरू व्हायला ओरखडा किंवा कण लागतो, तोच नसतो. मग तुम्ही पेला बाहेर काढता, त्यात कॉफीची पूड किंवा चमचा घालता, आणि सगळं पाणी एका झटक्यात उसळून हातावर, तोंडावर येतं. उपाय सोपा आहे. आधीच आत लाकडी चमचा ठेवायचा, वेळ गरजेपुरतीच लावायची, आणि थांबल्यावर मिनिटभर दार उघडून तसंच राहू द्यायचं. कवचासकट अंडं तर कधीच नको; वाफ आत कोंडते आणि अंडं बॉम्ब होतं, बरेचदा बाहेर काढल्यावर, तोंडासमोर. झाकण ठेवलेल्या वाडग्याचंही तेच. झाकण एका बाजूनं किंचित उघडं हवं, आणि काढताना आपल्या चेहऱ्यापासून लांबच्या बाजूनं आधी उचलायचं.

आता ते दोन-तीन सेंटिमीटर. वाडग्यात गच्च भरलेली खिचडी कडेला जिभेला चटका देते आणि मध्ये फ्रिजमधल्यासारखी गार असते. ओव्हनची फिरती ताटली थोडी मदत करते, सगळी नाही. पसरट भांड्यात ठेवा, अर्ध्यात थांबवून ढवळा, मग पुन्हा लावा, आणि झाल्यावर दोन मिनिटं थांबा. तेवढ्यात उष्णता मध्यापर्यंत सरकते. उरलेलं अन्न आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस तापायला हवं असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. तान्ह्या बाळाची बाटली याच कारणानं ओव्हनमध्ये नाही: बाहेरून कोमट, आत एखादा घोट तोंड भाजणारा. नातवंडाला घेऊन सून आली तेव्हा मी हे बोललो, तर तिला ते आधीच ठाऊक होतं. ‘‘बाबा, ते गरम पाण्यात बाटली ठेवूनच करायचं,’’ म्हणाली.

आणि भात. यात आपण मराठी माणसं सगळ्यांत बेफिकीर. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणी द्यायची, पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते जागे होतात आणि त्यांच्यातले काही असं विष सोडतात की जे नंतर कितीही तापवलं तरी मोडत नाही. म्हणजे इथे ना फोडणी उपयोगी, ना आठशे वॅट. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाच्या आत, असा एक नियम सांगतात. मलकपेठेत मे महिन्यात पारा पहाटे तेवढा थोडाफार त्याखाली येत असेल. ओव्हन आल्यापासून आमच्याकडे रात्रीचा भात पसरट ताटलीत निववून झोपण्यापूर्वी फ्रिजमध्ये जातो. फोडणीचा भात बंद झालेला नाही, तसा तो होणारही नाही.

विजेचं मी पाहिलं, ते माझं काम. आठशे वॅटचा ओव्हन भिंतीतून बाराशे-तेराशे खेचतो, म्हणून सोळा अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट, अर्थिंगसकट. जुन्या घरात अर्थिंगचं भोक असतं, आत वायर असतेच असं नाही, आमच्याकडेही नव्हती. एक्स्टेन्शन बोर्डावर मिक्सर, ओव्हन, चार्जर ही जत्रा भरवायची नाही. आत रिकामं असताना चालवायचं नाही, मागे हवा खेळायला जागा ठेवायची. आत कधी पेटलंच, कागद किंवा जळका पापड, तर दार उघडायचं नाही. बटन बंद, प्लग ओढायचा आणि विझेपर्यंत वाट पाहायची. पापड, बाय द वे, यात झकास भाजला जातो.

आईसाठी आम्ही बटनावर लाल टिकली चिकटवली. तीस सेकंदांचं बटन, तेवढंच तिनं दाबायचं. एकदा दाबलं तर तीस, दोनदा दाबलं तर मिनिट. मोठ्या तोंडाचा काचेचा मग, अर्धा भरलेला, आत लाकडी चमचा. पहिले काही दिवस ती ओव्हनला हात जोडून मग टिकली दाबायची. आम्ही हसायचो, ती दाबतच राहिली. विसरलीच, तर मगातला चहा गार होतो. एवढंच होतं. या ‘एवढंच’ची किंमत मला जेवढी कळते तेवढी कंपनीच्या जाहिरातीला कळणार नाही. तिची तक्रार निराळीच आहे: ‘‘याच्या चहाला उकळी फुटत नाही रे, आलं उतरत नाही.’’ तक्रार खरी आहे. आल्याचा चहा, फोडणी, भाकरी, या गोष्टी आजही गॅसवरच होतात आणि तिथेच व्हायला हव्यात. या यंत्राला मी स्वयंपाकी मानत नाही. गरम करणारा, वाफवणारा, उन्हाळ्यात खोली न तापवणारा मदतनीस मानतो.

एका बाबतीत मात्र माझं जुनं मत तसूभर हललेलं नाही, उलट घट्ट झालंय. ओव्हन घरी उघडायचा नाही. हे मी स्वतःलाच बजावतो, कारण चाळीस वर्षं स्क्रू काढण्यात गेलेले हात शिवशिवतात. आतला कपॅसिटर दोन हजार व्होल्टच्या वर चढलेला असतो आणि प्लग काढल्यावरही भार धरून बसू शकतो. लिंकवर आमचं जीवघेणं काम कुठलं असेल तर ते पॉवर सप्लायचं होतं, लहरींचं नव्हे. घरातल्या पेटीतही तसंच आहे.

गेल्या वर्षी आपांनी बोलावलं. त्यांच्या जुन्या ओव्हनचं दार एका बाजूनं लोंबत होतं, बंद केलं तरी कडेला फट दिसत होती, आणि जावयानं त्याला चिकटपट्टी लावून काम चालवायचं ठरवलं होतं. ‘‘भाईसाब, आप तो इसीच के आदमी हैं, जरा देख लेव.’’ मी पाहिलं आणि म्हटलं, आपा, हा आता चालवायचा नाही. दुरुस्तीला द्यायचा तर कंपनीच्याच माणसाला, आणि तो एवढा जुना आहे की नवा घेतलेला बरा. त्यांनी भंगारवाल्याला द्यायचं ठरवलं. देण्याआधी प्लग काढलेला असताना मी त्याची वायर मुळाशी कापून टाकली, नाहीतर जुमेरात बाजारातून तो पुन्हा कुणाच्या तरी ओट्यावर जाऊन बसला असता.